हातउसनी लेन्स

जुन्या, हाताने फोकस करावयाच्या लेन्सांचा नाद ज्याला एकदा लागला, त्याला पैशाची चणचण भासेल, कपाटातल्या जागेवरून घरात कुरबुरी होतील, खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी कायमची चिकटेल. परंतु मित्रांची वाण त्याला कधी पडणार नाही, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे. ज्या छंदापायी इतके स्नेही लाभतात, त्याच छंदापायी ते किती क्षुल्लक कारणाने दुरावतात, हेही मी पाहिले आहे. किंबहुना अशा एका प्रकरणात उभयपक्षांनी मलाच पंच नेमल्यामुळे ते मला जरा अधिकच जवळून पाहावे लागले. त्याची कैफियत येथे मांडतो, ती या वाटेने नव्याने येणाऱ्या मंडळींना काही उपयोग व्हावा म्हणून. दोघांपैकी कोणाचीही फिर्याद चालवण्याचा माझा मानस नाही.

या मैत्रीचे मूळ कशात आहे ते आधी सांगितले पाहिजे. आजची नवी लेन्स पावती, हमीपत्र आणि माहितीपुस्तिका यांच्या लवाजम्यासह घरी येते. तिच्याविषयी शेजाऱ्याला काही विचारण्याची गरजच उरत नाही. जुन्या लेन्सचा सारा इतिहास मात्र माणसांच्या तोंडी असतो. हेलिऑस ४४-२ हिचेच पाहा. झेनिट कॅमेऱ्याबरोबर मिळणारी, ५८ मिलिमीटर नाभीय अंतराची आणि एफ-२ छिद्राची ही सोव्हिएत लेन्स, येना येथील कार्ल त्साइसच्या बिओटार या लेन्सच्या आराखड्यावर बेतलेली असून लाखोंच्या संख्येने निघाली. तिच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा उत्पादनाचे वर्ष सांगतात. लोलकातून वळलेल्या किरणाचे चिन्ह तिच्यावर असेल तर ती क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातली समजावी. आणि छिद्राच्या दोन कड्यांपैकी एक मर्यादा ठरवण्यासाठी, तर दुसरे त्या मर्यादेपर्यंत पाती उघडण्या-मिटण्यासाठी असते. हे सारे मला कोणी सांगितले? ज्याने ती माझ्याआधी घेतली होती त्याने, रस्त्याकडेच्या टपरीवर, चहाचा पेला एका हातात आणि लेन्स दुसऱ्या हातात धरून. (पेला त्याने आधी खाली ठेवावा असे मला सारखे वाटत होते, ते असो.) छायाचित्रणाच्या ओढीने माणसे एकत्र येण्याचा शिरस्ता आपल्याकडे तसा जुनाच आहे, १८५४ साली मुंबईत स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटीत डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे होतेच.

ज्ञान असे तोंडोतोंडी चालत असल्यामुळे, एकाला जे ठाऊक असते ते दुसऱ्याला नसते, आणि कलहाचे बी नेमके तेथे पडते. ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांची जी जुनी लेन्स असते, तिला आपल्या बैठकीपासून फिल्मपर्यंत ४५.४६ मिलिमीटर अंतर लागते. सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यात हे अंतर अवघे १८ मिलिमीटर असल्याने उरलेली जागा अडॅप्टरच्या पोकळ नळीने भरून काढता येते, आणि २००८ पासून असे कॅमेरे बाजारात येऊ लागल्यावर माळ्यावरच्या अडगळीला एकाएकी भाव आला तो याच कारणाने. परंतु निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यात तेच अंतर ४६.५ मिलिमीटर आहे. तेव्हा मध्ये भिंग नसलेल्या साध्या अडॅप्टरने हीच लेन्स त्याला लावली, तर समोरचा चेहरा स्वच्छ येतो आणि दूरचा डोंगर काही केल्या स्पष्ट होत नाही. हा साधा हिशेब ज्याला अवगत नाही, तो लेन्स देणाऱ्या मित्राला लबाड ठरवून मोकळा होतो.

आता मूळ प्रकरणाकडे वळतो. आमचे मंडळ पुण्याचे. रविवारी सकाळी जुन्या बाजारात फेरी मारावी, मिळाले तर काही घ्यावे, न मिळाले तर दुसऱ्याने घेतलेले पाहावे, आणि मग पर्वतीकडे किंवा नदीकाठी जाऊन उन्हे चढेपर्यंत छायाचित्रे काढावीत, असा आमचा क्रम असे. मंडळातील ज्येष्ठ सभासद म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अण्णा. त्यांची प्रत्येक लेन्स घरी शिवलेल्या निराळ्या थैलीत असे. दुसरे सभासद मुंबईच्या उपनगरात दवाखाना चालवणारे डॉक्टर, जे केवळ या संगतीसाठी वरचेवर पुण्यास येत. अण्णांपाशी बोरा बाजारातून आणलेली जपानची सुपर-टाकुमार होती, ५० मिलिमीटरची, एफ-१.४ची, जिचे फोकसचे कडे फिरवताना बोटांना कोठे अटकाव म्हणून जाणवत नसे. गणपतीला कोकणात गावी जाताना घरच्या मंडळींची छायाचित्रे काढण्यासाठी ती डॉक्टरांनी मागितली. अण्णांनी थैलीसकट त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "घेऊन जा हो, डॉक्टर. आपल्यात कसली आली आहे मुदत!"

भाद्रपदातले कोकण, त्यानंतर मुंबईचे बंद कपाट, आणि थैली पुरेशी भारदस्त वाटली नाही म्हणून डॉक्टरांनी मोठ्या हौसेने घेतलेली चामड्याची पेटी, एवढा प्रवास करून ती लेन्स दिवाळीनंतर परत आली. अण्णांनी खिडकीशी बसून पाती पूर्ण उघडली आणि मागून विजेरीचा झोत टाकला, तेव्हा पुढच्या भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरलेले सर्वांना दिसले. पांढऱ्या कागदावर धरल्यावर काचेला चहासारखा पिवळसर रंग आलेला आहे, हेही त्याच वेळी प्रथम ध्यानात आले.

"माझी लेन्स तुम्ही पिवळी करून आणलीत," अण्णा म्हणाले.

"ती अशीच होती, अण्णा. तुम्ही कधी विजेरी लावून पाहिलीच नसेल," डॉक्टर म्हणाले.

दोघेही सज्जन, दोघेही आपल्या परीने खरे बोलणारे. आणि लेन्स दिली तेव्हा ती कोणत्या अवस्थेत होती याचा एका ओळीचाही दाखला कोणापाशी नव्हता. लेन्स अमानत म्हणून माझ्या हवाली झाली.

पिवळेपणाचा निकाल सोपा होता. त्या जातीच्या सुपर-टाकुमारच्या, सात भिंगांच्या रचनेत, काचेचा वक्रीभवनांक वाढवण्यासाठी थोरियम मिसळलेले असे. हे द्रव्य किरणोत्सारी असल्यामुळे दशकानुदशके पडून राहिलेली काच आपोआप पिवळी-तपकिरी होत जाते. त्यात अण्णांचाही दोष नाही आणि डॉक्टरांचाही नाही. उपायही घरगुती आहे. गॅलरीतल्या सकाळच्या उन्हात, मागचे भिंग वर येईल अशा बेताने मी ती मांडून ठेवीत असे, आणि एकवटलेल्या किरणांनी खालचे लाकूड जळू नये म्हणून तळाशी ॲल्युमिनियमचा चकचकीत कागद घालीत असे. काही आठवड्यांत पांढऱ्या कागदावरची पिवळी झाक निवळली. उन्हातील अतिनील किरणांचा हा गुण आहे. (अशा लेन्सपासून होणारा किरणोत्सार हाताळणाऱ्याच्या दृष्टीने अल्प असतो, ती काच फोडण्याच्या किंवा घासण्याच्या भानगडीत मात्र कोणी पडू नये.)

बुरशीचे प्रकरण तसे नव्हते. तिचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात; अंधार, दमटपणा आणि कोंडलेली हवा ही तिन्ही एकत्र आली की ते भिंगावर रुजतात, आणि त्यांतून स्रवणारी आम्ले वरचा लेप व पुढे काचही खातात. चामडे ओल धरून ठेवते, म्हणून दिसायला राजेशाही असलेली ती चामडी पेटी लेन्सला सर्वांत घातक. परंतु हे तंतू कोकणात उगवले की त्याआधीच अण्णांच्या थैलीत, हे कोणी शपथेवर सांगावे? कारागिराने लेन्स खोलून साफ केली. तंतू गेले, कडेचा लेप खाल्ल्याच्या खुणा राहिल्या, ज्या सूर्यासमोर धरून काढलेल्या छायाचित्रात धुरकट दिसतात आणि एरवी दिसत नाहीत. खर्च निम्मा-निम्मा सोसावा असा निवाडा मी दिला. पैसे दोघांनीही दिले आणि तक्रारही दोघांचीही राहिली. डॉक्टरांचे पुण्यास येणे हळूहळू बंद पडले; अण्णांनी तेव्हापासून कोणाला लेन्स दिली नाही; आणि अण्णा देत नाहीत म्हटल्यावर इतरांचेही हात आखडले. वर्ष उलटण्याच्या आत मंडळ नावापुरते उरले.

या अनुभवानंतर उरलेल्या आम्ही दोघा-तिघांनी एक वही घातली. लेन्स एका हातातून दुसऱ्या हातात जाण्यापूर्वी, देणारा आणि घेणारा अशा दोघांनी मिळून विजेरीने ती आरपार पाहावी. पुढच्या व मागच्या भिंगाचे छायाचित्र फोनवर काढून ठेवावे. पात्यांवर तेल आले आहे काय, कडे सर्वत्र सारखे फिरते काय, नावाच्या कड्यावरच्या खाचा खरवडलेल्या आहेत काय (तशा असतील तर लेन्स पूर्वी कोणीतरी उघडलेली असते), एवढे पाहून क्रमांक, दोष आणि परतीची मुदत वहीत लिहावी. बारीक धूळ दिसली तर तिची नोंद करण्याचे कारण नाही. ती चित्रात उमटत नाही. पावसाळ्यात लेन्स द्यावयाची झाल्यास सिलिका जेलची पुडी बरोबर द्यावी, आणि निळे दाणे गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा कोरडे करावे लागतात, हेही त्याच वेळी सांगावे. घरी सापेक्ष आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांवर राखणारे कोरडे कपाट असेल तर उत्तमच. नसेल तर हवा न शिरणारा डबा चालतो.

मित्रांत असली कारकुनी कशाला, असे पुष्कळांनी मला विचारले आहे. माझ्या मते हा आक्षेप उलट्या बाजूने केलेला आहे. सख्ख्या भावांच्या वाटणीचाही आपण कागद करतो, तो त्यांनी पुढे एकमेकांच्या घरी जेवायला जावे म्हणून. तसे पाहिले तर या लेन्सांच्या कपाळी भाऊबंदकी जन्मापासूनच लिहिलेली आहे: दुसऱ्या महायुद्धानंतर त्साइसचे घराणे पूर्व जर्मनीतील येना आणि पश्चिम जर्मनीतील ओबरकोखेन अशा दोन ठिकाणी दुभंगले, नावाच्या मालकीवरून त्यांच्यात वर्षानुवर्षे दावे चालले, आणि पश्चिमेकडे विकावयाच्या येनाच्या लेन्सांवर टेसारऐवजी नुसते 'टी' आणि सोनारऐवजी नुसते 'एस' असे अक्षर कोरावे लागले. असे अर्धेमुर्धे नाव असलेली लेन्स हाती आली तर ती बनावट म्हणून विक्रेत्याशी भांडू नये, एवढे येथे नमूद करून ठेवतो.

बाजारातल्या वर्तनाचाही एक शिरस्ता आम्ही पाळतो. वस्तू ज्याने आधी हातात घेतली, त्याचा सौदा मोडेपर्यंत बाकीच्यांनी भाव विचारू नये. दोष दिसला तर तो पैसे देण्याआधी, बाजूला घेऊन, हळू आवाजात सांगावा. घेऊन झाल्यावर सांगितलेला दोष ही माहिती नसून दुखावणी असते, आणि आमच्यातील काही विद्वानांना नेमकी हीच वेळ साधते.

सर्वांत अवघड प्रसंग मात्र निराळाच. एखादा छंदिष्ट जातो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी वहिनींचा निरोप येतो: "भाऊजी, हे सगळं काय आहे ते मला काही कळत नाही. तुम्ही येऊन बघता का?" आपण जातो. कपाट उघडते. ज्या लेन्सकडे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो ती समोर असते, आणि तिची किंमत काय हे त्या घरात फक्त आपल्यालाच ठाऊक असते. एका गृहस्थांनी अशा वेळी स्वतःच किंमत सांगितली आणि स्वतःच ती मोजून लेन्स घरी नेली. किंमत कदाचित वाजवीही असेल; परंतु पुढे त्या घरच्या मुलाने बाजारात चौकशी केली, आणि त्या घराचे दार आम्हा सर्वांनाच बंद झाले. तेव्हापासून माझा पक्का नियम आहे: जो किंमत सांगेल त्याने ती वस्तू घेऊ नये, त्याच्या सांगण्यावरून ती दुसऱ्या कोणी घ्यावी, आणि सांगितलेली किंमत कागदावर लिहून सहीनिशी घरच्यांपाशी ठेवावी.

त्याहूनही बरे म्हणजे हा प्रसंग घरच्यांवर येऊच न देणे. ज्यांच्यापाशी असा संग्रह आहे त्यांना माझी विनंती आहे, की येत्या मृगापूर्वी एक दिवस काढून आपल्या लेन्सांची यादी घरच्यांना वाचता येईल अशा साध्या मराठीत करावी. प्रत्येकीपुढे क्रमांक, दोष, अंदाजी किंमत आणि सध्या ती कोणाकडे हातउसनी आहे ते लिहावे. कोणाला विचारावे अशी दोन माणसांची नावे शेवटी द्यावीत. आणि ती यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावी.