हायस्कुलातील खेळांना अनुदान : दारे कोणती, कागद कोणते

न्यासाच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेच्या वतीने काही लिहून द्यावे, अशी विश्वस्त मंडळींनी सूचना केली. शाळेचा इतिहास व गुणवंतांची नावे या अंकात अन्यत्र आलीच आहेत; त्यांची पुनरुक्ती नको. पालकसभेत दर वर्षी जो एक प्रश्न हमखास विचारला जातो, त्याचेच उत्तर येथे द्यावे असे आम्ही ठरविले. प्रश्न असा : "सरकार खेळांवर कोट्यवधी रुपये खर्च करतं म्हणतात, मग आमच्या पोरींना पायांत घालायला बूट का मिळत नाहीत, सर?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही, आणि त्यातला काही भाग आपल्या सर्वांनाच टोचणारा आहे.

आमचा अनुभव

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील मुलींचा खो-खोचा संघ तालुक्यात पहिला आला. मैदान म्हणजे मुरमाड माळ. सरावात गुडघे फुटत, आणि हळद लावून मुली दुसऱ्या दिवशी पुन्हा उभ्या राहत. मैदान सपाट करून त्यावर माती टाकावी आणि दोन चांगले खांब रोवावेत, एवढ्यासाठी आम्ही एका कारखान्याकडे अर्ज केला. तेथील अधिकारी येऊन गेले. त्यांनी मुलींचा खेळ पाहिला, मनापासून कौतुक केले आणि तीन कागद मागितले : मैदानाची पहाणी, न्यासाचे मागील तीन वर्षांचे तपासलेले हिशेब, आणि कंपन्यांचा निधी घेण्यासाठी लागणारी न्यासाची नोंदणी.

हिशेब होते. नोंदणी झालेली नव्हती. आणि पहाणी काढून पाहतो, तो मैदान अद्याप मूळ दात्याच्याच नावावर! दात्यांना जाऊन कित्येक वर्षे लोटलेली. कपाट धुंडाळता हैद्राबाद राज्याच्या काळातला एक उर्दू कागद हाती आला. आम्हांस उर्दू येते, म्हणून तो आम्हीच सर्वांना वाचून दाखविला. जमीन मुलांच्या शिक्षणासाठी व खेळासाठी दिली आहे, असे त्यात स्वच्छ लिहिलेले होते. दात्याच्या हेतूविषयी शंकाच नव्हती. परंतु तो कागद नोंदलेला नव्हता, आणि त्यानंतर कोणी फेरफार करून घेतला नव्हता. अर्ज परत आला. अधिकाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. दुसऱ्याच्या नावच्या जमिनीवर ते पैसा कसा घालणार? दोष आमचा होता. इतकी वर्षे आम्ही कपाट उघडून पाहिले नव्हते.

ते वर्ष गेले. मुली दहावीची परीक्षा देऊन शाळेबाहेर पडल्या, आणि बहुतेकींचा खेळ तेथेच थांबला. कर्नाटकात हायस्कूल म्हणजे आठवी ते दहावी, अवघी तीन वर्षे. कचेरीतल्या कागदाला तीन वर्षे सहज लागतात. म्हणून मुलगी आठवीत येण्यापूर्वीच कागद तयार असले पाहिजेत, हा धडा आम्ही त्या वर्षी शिकलो.

एकट्याच्या त्यागाने भागत नाही

आपल्याकडे खेळासाठी पैसा उभा राहतो तो बहुधा कोणाच्या तरी त्यागाने. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यांना तेथवर पाठविण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आपला भाग त्या काळी ज्या हैद्राबाद राज्यात होता, तेथील सय्यद अब्दुल रहीम हे तर पेशाने शाळामास्तर. त्यांच्या हाताखाली भारताच्या फुटबॉल संघाने १९५१ व १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक जिंकले.

अशा माणसांविषयी आम्हांस नितांत आदर आहे. पण प्रत्येक शाळेला खर्डेकर मिळत नाहीत, आणि मिळाले तरी दर वर्षी घर गहाण टाकता येत नाही. दर वर्षी संघ जायचा असेल तर पैशाची कायमची वाट हवी. अशा वाटा आज आहेत. त्यांची ओळख करून घेऊ.

दारे कोणती

पहिले दार शिक्षण खात्याचे. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांसाठी वार्षिक क्रीडा-अनुदान ठरविण्यात आले : प्राथमिक शाळेस ५,००० रुपये, उच्च प्राथमिक शाळेस १०,००० रुपये, आणि माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांस २५,००० रुपयांपर्यंत. आपली शाळा न्यासाची असल्याने त्यात बसत नाही. तरीही ही माहिती निरुपयोगी नाही. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत आपल्या सभासदांची मुले सरकारी मराठी शाळांतही शिकतात, आणि काही पालक तेथील एस.डी.एम.सी.वर आहेत. त्यांनी बैठकीत विचारावे : यंदा क्रीडा-अनुदान आले काय? त्यातून काय घेतले? आणि घेतलेले साहित्य मैदानावर आहे की कपाटात?

दुसरे दार खेलो इंडियाचे. त्याचे दोन भाग आहेत. एक खेळाडूसाठी : या योजनेत निवड झालेल्या मुलास किंवा मुलीस प्रशिक्षणाखेरीज किरकोळ खर्चासाठी दरमहा १०,००० रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. दुसरा केंद्रासाठी : देशात जिल्हा पातळीवर १,००० केंद्रे उघडण्याचे ठरले. त्यांत एका केंद्राला मैदान व साहित्य यांसाठी एकदा ५ लाख, आणि प्रशिक्षकाचे मानधन वगैरेंसाठी दर वर्षी ५ लाख रुपये अशी मदत ठरविली गेली. ज्या शाळेत किंवा संस्थेत मैदानाची सोय आधीच आहे, तीही यासाठी पुढे येऊ शकते. प्रस्ताव मात्र राज्याच्या क्रीडा खात्यामार्फत जातो. ऑलिंपिकमधील चौदा खेळांवर या योजनेचा भर राहिला. त्यांत अॅथलेटिक्स आहे, कुस्ती आहे, खो-खो नाही. म्हणून आमची सूचना अशी की, खो-खोतल्या चपळ मुलींची नावे धावण्याच्या शर्यतींतही घालावीत. आणि स्पर्धेसाठी बीदरच्या नेहरू स्टेडियमवर किंवा कलबुर्गीच्या चंद्रशेखर पाटील स्टेडियमवर जाणाऱ्या शिक्षकाने त्याच फेरीत जिल्हा क्रीडा कचेरीत जाऊन चालू वर्षाचे परिपत्रक मागून आणावे.

तिसरे दार आपल्या प्रदेशाचे. ९८ व्या घटनादुरुस्तीने घटनेत ३७१-जे हे कलम आले, आणि २०१३ साली हैद्राबाद-कर्नाटक प्रदेश विकास मंडळ स्थापन झाले. २०१९ पासून त्याचे नाव कल्याण कर्नाटक असे आहे. त्यापूर्वी २००२ साली नंजुंडप्पा समितीने राज्यातील ११४ तालुके मागासलेले ठरविले होते, पैकी ३९ अतिमागास. मंडळाचा निधी वाटताना तालुक्याचे हे मागासलेपण मोजले जाते. हा पैसा एखाद्या शाळेच्या हाती रोख पडत नाही. तो कामांवर खर्च होतो. म्हणून येथे एकट्या शाळेने अर्ज करण्यापेक्षा तालुक्यातील सर्व शाळांनी मिळून तालुक्याच्या गावी एका चांगल्या सामायिक मैदानाची मागणी आमदारांपुढे मांडणे अधिक फलदायी ठरेल.

चौथे दार कंपन्यांचे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यापैकी दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावयाची असते. त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे असेही कायदा सांगतो. सेडम, मळखेड, वाडी येथील सिमेंटचे कारखाने आपल्याला दूर नाहीत. मात्र १ एप्रिल २०२१ पासून असा पैसा घेणाऱ्या न्यासाने सी.एस.आर.-१ हा अर्ज भरून क्रमांक घेतलेला असला पाहिजे. त्याआधी प्राप्तिकर खात्याकडील नोंदणी लागते, जिला सर्वजण १२ए व ८०जी या नावांनी ओळखतात.

पाचवे दार आपल्याच घरांतले. आपली कितीतरी मुले आखाती देशांत नोकरीस आहेत आणि शाळेसाठी काही देऊ इच्छितात. परदेशी पैसा म्हटला की विश्वस्त घाबरतात, आणि ते योग्यही आहे. त्यासाठी २०१० च्या कायद्याखाली वेगळी परवानगी लागते. पण जो अजून भारताचा नागरिक आहे, त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठविलेली देणगी त्या कायद्यात परदेशी देणगी धरली जात नाही. ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, त्याची गोष्ट निराळी. देणगीदाराच्या पासपोर्टची प्रत फाइलला लावली की शंका राहत नाही.

दोन गैरसमज

पहिला असा की, उदगीर-निलंग्याच्या शाळांना मिळते ते आपल्यालाही मिळेल. भाषा एक असली तरी खाते एक नाही. महाराष्ट्र शासनाच्या मैदान-व्यायामशाळांच्या योजना त्या राज्यातील संस्थांसाठी आहेत. तेथे अर्ज करून वर्ष वाया घालवू नये.

दुसरा असा की, आपण अल्पसंख्य म्हणून आपल्याला डावलले जाते. घटनेच्या ३० व्या कलमाचा दुसरा भाग सांगतो की, संस्था धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याकांची आहे एवढ्या कारणावरून सरकारने अनुदान देताना भेदभाव करू नये. हा हक्क मोलाचा आहे. पण आमचा अर्ज परत आला तो पहाणीमुळे, भाषेमुळे किंवा धर्मामुळे नव्हे, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

आता काय करावे

न्यासाच्या सभासदांपुढे आम्ही तीन विनंत्या ठेवतो.

१. ज्या घराण्याने मैदान दिले, त्याचे वारस आजही आपल्यात आहेत. सर्वांनी एकदा बसून नोंदणीकृत दानपत्र करून द्यावे आणि पहाणीवर न्यासाचे नाव चढवून घ्यावे. दिलेले दान कागदावर पुरे करणे, एवढेच उरले आहे.

२. एक विश्वस्त व एक शिक्षक यांच्याकडे खेळाची फाइल सोपवावी. तीत न्यासाचे नोंदणीपत्र, प्राप्तिकर खात्याची प्रमाणपत्रे, सी.एस.आर. क्रमांक, तीन वर्षांचे हिशेब, पहाणी व मैदानाचा नकाशा, आणि प्रत्येक खेळाडूचा जन्मदाखला व स्पर्धांचे निकाल असावेत. आधीच्या मदतीचे विनियोगपत्र वेळेवर गेले नाही तर पुढची मदत मागण्यास तोंड राहत नाही, म्हणून त्याच्या प्रतीही येथेच ठेवाव्यात.

३. न्यासाने एक छोटा प्रवासनिधी उभारावा. अनुदान सवडीने येते, स्पर्धेची तारीख थांबत नाही. जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे राज्यातल्या साध्या बसमध्ये मुलींचे भाडे सुटले. पण मुलांचे भाडे, जेवण, मुक्काम व बूट राहतातच. ज्या सकाळी संघ निघतो, त्या सकाळी पैसा हाती हवा.

२०२५ च्या जानेवारीत दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या दोन्ही संघांनी ती जिंकली. प्रियंका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्रातले. त्यानंतर काही दिवसांनी आमच्या त्या जुन्या संघातली एक मुलगी बाजारात भेटली. तिने सामने पाहिले होते. बोलता बोलता तिने विचारले, "सर, आपलं मैदान झालं का?"

आम्ही "नाही" म्हणालो. यंदा आठवीत आलेल्या मुलींजवळ तीन वर्षे आहेत. त्या शाळा सोडण्यापूर्वी तिला दुसरे उत्तर देता यावे, एवढीच सर्व सभासदांस विनंती आहे.