टेप-आउटच्या आधी

पुणे

चि. गौरी हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

परवा दादा फोनवर म्हणाला, "चेडवाक गेमांच्या कार्डांचा खूळ लागला हा." मी त्याला सांगितलं, गेमांसाठी निघालेल्या ग्राफिक्स चिपांच्याच घराण्यातल्या चिपांवर आज देशाचे महासंगणक चालतात. इथे पुण्यात सी-डॅकचा 'परम सिद्धी' एनव्हिडियाच्या ए100 चिपांवर उभा आहे आणि 2020 च्या नोव्हेंबरात तो जगाच्या यादीत 63 वा होता. दादा गप्प झाला, म्हणजे ऐकलं असं समज.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. "मला डिझाइनच करायचंय, व्हेरिफिकेशनमध्ये अडकायचं नाही." ज्यांना डिझाइन जमत नाही ते तपासणीला जातात, असं कुणीतरी तुझ्या मनात भरवलेलं दिसतं. याच कामात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून ठामपणे सांगते की हे खरं नाही.

आधी धंदा समजून घे. एनव्हिडिया किंवा एएमडी चिप आखतात. ती घडते बहुतेक तैवानच्या टीएसएमसीच्या कारखान्यात. कार्डावर बसवून, पंखे लावून, खोक्यात भरून विकतात ते आसूस, एमएसआयसारखे लोक. आखणाऱ्याच्या हातून फक्त आराखडा बाहेर पडतो आणि त्या क्षणाला टेप-आउट म्हणतात. मग सिलिकॉन परत येईपर्यंत काही महिने वाट बघायची. ॲपमधली चूक दुसऱ्या दिवशी सुधारून पाठवता येते, सिलिकॉनमधली येत नाही. काही चुकांना ड्रायव्हरमधून वळसा घालता येतो, पण त्यात अनेकदा वेग जातो. बाकीच्यांसाठी चिप छापायचे नवे मास्क, कोट्यवधी रुपये आणि पुन्हा तेवढेच महिने. तोवर समोरच्याची चिप दुकानात पोचलेली असते.

याचं एक उदाहरण घे. एनव्हिडियाची 1995 ची पहिली चिप वक्र पृष्ठभागांवर चित्र रचायची. मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टथ्रीडीने त्रिकोण धरले आणि गेम लिहिणारे तिकडे गेले. कंपनीने निम्म्याहून जास्त माणसं कमी केली, पैसे उरले एका चिपेपुरते. नमुना घडवायचा, चुका काढायच्या, पुन्हा घडवायचा, ही नेहमीची रीत परवडणारी नव्हती. त्यांनी एम्युलेटर विकत घेतला. घडण्याआधीच चिपेचा आराखडा ज्यावर संथपणे चालवून बघता येतो, असं ते यंत्र. त्यावर ड्रायव्हर आणि गेम चालवून बघितले आणि नमुन्याची फेरी टाळून थेट उत्पादनाला गेले. 1997 ची ती रिव्हा 128. चार महिन्यांत दहा लाख खपल्या. ही गोष्ट सांगताना लोक जेन्सन हुआंग यांच्या धाडसाचं कौतुक करतात, आणि धाडस होतंच. पण ते धाडस पेललं कुणी? त्या संथ यंत्रासमोर बसून चुका वेचणाऱ्यांनी. कॉलेजातल्या भाषणांत त्यांचा उल्लेख मी फारसा ऐकत नाही, याचं मला वाईट वाटतं.

त्याच काळातली थ्रीडीएफएक्स ही कंपनी तुला वूडू कार्डांमुळे माहीत असेल. तिने 1998 च्या अखेरीस एसटीबी ही कार्डं बनवणारी कंपनी घ्यायचं ठरवलं आणि स्वतःच कार्डं विकू लागली. तोवर तिच्या चिपा घेणारे कार्डवाले दुरावले, नव्या चिपाही लांबत गेल्या. 2000 च्या डिसेंबरात तिची मालमत्ता एनव्हिडियाने घेण्याचं ठरलं. उशीर या धंद्यात फार महाग पडतो, आणि उशिरा सापडलेली चूक उशीरच करते.

चूक शोधणं किती अवघड, ते आता बघ. मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढताना तू लहानपणापासून बघितली आहेस. दोरीला लागलेली सगळी माणसं एकाच हाकेला एकदम ओढतात. एनव्हिडियाच्या चिपेत 32 धागे तसेच एका हुकमावर चालतात, त्या गटाला वॉर्प म्हणतात. प्रोग्राममध्ये 'जर-तर' आलं आणि काहींची वाट वेगळी झाली, की त्यांचं होईपर्यंत बाकीचे नुसते दोरी धरून उभे. आता तपासणाऱ्यासारखा विचार कर. वाटा फुटलेल्या असताना त्यातल्या एकाने मेमरी मागितली, ती यायला वेळ लागला आणि नेमका तेव्हाच दुसरा गट पुढे सरकला, तर कुणाचं उत्तर कुणाच्या रजिस्टरात जाईल? असे प्रश्न किती वाढलेत बघ: रिव्हा 128 मध्ये सुमारे 35 लाख ट्रान्झिस्टर होते, आरटीएक्स 4090 च्या चिपेत 7,630 कोटी आहेत. आरटीएल, म्हणजे सर्किटचं वर्णन, लिहिणारा आपल्या ब्लॉकपुरतं बघतो. दोन ब्लॉकांच्या सांध्यात काय घडतं, ते शोधणं आमच्याकडे येतं. म्हणून अख्खी चिप ओळखायची असेल तर तपासणीसारखी शाळा नाही. इथून डिझाइनकडे गेलेली माणसं मी बघितली आहेत, ती उत्तम डिझाइन करतात.

प्रवेशाचं बोलू. मालवणच्या तंत्रनिकेतनातला डिप्लोमा नीट पुरा कर आणि इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला इलेक्ट्रॉनिक्स घे. कॉलेजचं नाव बघण्याआधी तिथल्या मुलांना डिजिटलची प्रयोगशाळा खरंच उघडी मिळते का, ते विचार. सर्किट लिहिण्याची व्हेरिलॉग भाषा, सी++ आणि लिनक्स यांत आतापासून हात घाल. इकारस आणि व्हेरिलेटर हे सिम्युलेटर फुकट मिळतात, तुझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतात. पावसात लाइट जाते, तेव्हा सिम्युलेशनं छोटी ठेव. मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या संग्रहाचा कोड सगळ्यांना खुला आहे. रोज थोडा वाच, पहिले काही महिने डोक्यावरून गेला तरी वाच.

नोकऱ्या पुणे, बंगळुरू, हैदराबाद, गुरुग्रामला. घर सोडावं लागेल, हे आईला आताच सांग. आणि टेप-आउटची तारीख चतुर्थी बघत नाही. गणपतीला कुडाळचं तिकीट हातात असून ऑफिसात बसावं लागतं, ते सोसायची तयारी असेल तरच ये.

आता एक काम देते. त्रिकोण रंगवणारं छोटं सर्किट व्हेरिलॉगमध्ये लिही. मग एक कड सामाईक असलेले दोन त्रिकोण घे. त्या कडेवरचा प्रत्येक पिक्सेल एकदाच रंगला पाहिजे. दोनदा रंगला तर अर्धपारदर्शक चित्रात रेघ दिसते, एकदाही नाही रंगला तर भोक पडतं. डायरेक्टथ्रीडीत यासाठी वरच्या आणि डाव्या कडेचा नियम आहे, तो शोधून काढ. सर्किट एका दिवसात होईल, ते तपासणाऱ्या टेस्टबेंचला बरेच दिवस लागतील. आडव्या कडा, अगदी सुईसारखे त्रिकोण, पडद्याबाहेर गेलेले कोपरे, सगळं घाल. पाठवशील तेव्हा काय तपासलंस ते लिहीच, आणि काय तपासायचं राहिलं त्याची यादी त्याच्या वर लिही. मी ती आधी वाचणार आहे.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या