पडद्याआडचा छळ

प्रस्तावना

रस्त्यावरील छेडछाड चारचौघांना दिसते. मोबाइलच्या पडद्यावरील छळ मात्र पुष्कळदा घरातल्यांनाही कळत नाही. अश्लील संदेश पाठवणे, छायाचित्रात फेरफार करून ते पसरवणे, बदनामीची धमकी देणे ही त्याची काही रूपे आहेत. हा छळ कसा रोखता येतो, याचा विचार या पाठात केला आहे.

मूळ पाठ

बेंगळुरू हे देशातील माहिती तंत्रज्ञान उद्योगाचे प्रमुख केंद्र. सायबर गुन्ह्यांसाठी तेथे २००१ सालीच स्वतंत्र पोलीस ठाणे सुरू झाले. याच शहरात २००३ मध्ये जस्मीन पथेजा यांनी ‘ब्लँक नॉईज’ हा उपक्रम आरंभला. छेडछाड झाली तेव्हा अंगावर असलेले कपडे स्त्रियांनी सोबत आणावेत, असे आवाहन त्यातून करण्यात आले. स्त्रीच्या पेहरावामुळे छेडछाड होते, हा समज खोडून काढणे हा त्यामागील हेतू होता.

इंटरनेटवरही तोच समज वेगळ्या शब्दांत ऐकू येतो: “फोटो टाकलाच कशाला?” या प्रश्नाने दोष पीडितेच्या माथी जातो. ती गप्प बसते आणि तिचे मौन हेच गुन्हेगाराचे बळ ठरते.

हे मौन मोडल्यास काय घडते, हे एका प्रकरणातून दिसून आले. १ जानेवारी २०२२ रोजी ‘बुली बाई’ नावाच्या अ‍ॅपवर शंभराहून अधिक मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे ‘लिलावा’साठी म्हणून झळकली. त्यांत पत्रकार व सामाजिक कार्यकर्त्याही होत्या. अनेकींनी उघडपणे निषेध केला, तक्रारी दाखल झाल्या. ४ जानेवारीला मुंबईच्या सायबर पोलिसांनी बेंगळुरूतील एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला अटक केली. खोट्या नावाचा आडोसा चार दिवसही पुरला नाही. अटक झालेले इतर संशयितही कोवळ्या वयाचे होते, ही बाब पालकांनी व शिक्षकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

कायदाही पीडितेच्या बाजूने आहे. स्त्रीने नकार देऊनही तिच्याशी वारंवार संपर्क साधणे किंवा तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार घटना कोठेही घडली असली, तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते. अशा गुन्ह्याची माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवून घ्यावयाची असते.

तक्रारीपूर्वी संदेश पुसून टाकू नयेत. पडद्याचे छायाचित्र, तारीख, वेळ आणि खात्याचा दुवा जपून ठेवावा. तोच पुरावा होय. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया व मुलांविषयीच्या अश्लील मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते. महिला मदतवाहिनी १८१ आणि बालकांसाठी १०९८ हे क्रमांक प्रत्येकाच्या जवळ असावेत.

आलेले चित्र पुढे पाठवणारा प्रत्येक हात या छळात सहभागी होतो. तो हात जेथे थांबतो, तेथूनच प्रतिबंधाला आरंभ होतो.

पाठगत प्रश्न

१. पीडितेचे मौन गुन्हेगाराचे बळ का ठरते?
२. तक्रारीपूर्वी कोणता पुरावा जपून ठेवावा?
३. मैत्रिणीचे फेरफार केलेले छायाचित्र गटात आले, तर तुम्ही काय कराल? पाच-सहा वाक्यांत लिहा.