लॅक्सटन : खुल्या शिवारांचे गाव

इंग्लंडच्या मध्यभागी, नॉटिंगहॅमशायर परगण्यात, ट्रेंट नदीच्या पश्चिमेस लॅक्सटन हे लहानसे खेडे वसले आहे. १०८६ सालच्या ‘डूम्सडे’ नोंदवहीत त्याचा उल्लेख सापडतो. येथे राजवाडा नाही, की प्रसिद्ध मठही नाही. तथापि इंग्लंडमधील शेतीचा इतिहास अभ्यासणाऱ्यास या खेड्याकडे यावेच लागते. मध्ययुगात त्या देशाच्या मध्यभागातील बहुतेक गावांत रूढ असलेली खुल्या शिवारांची पद्धत येथे आजही चालू आहे.

या पद्धतीत गावाची नांगराखालील जमीन काही मोठ्या शिवारांत विभागलेली असे. लॅक्सटनमध्ये अशी तीन शिवारे उरली आहेत : पश्चिम शिवार, दक्षिण शिवार आणि गिरणी शिवार. शिवारात कुंपणे नसतात. असतात ते केवळ लांबट पट्टे. प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही शिवारांत विखुरलेले असल्यामुळे कसदार व हलकी, जवळची व दूरची जमीन सर्वांच्या वाट्याला येते. दर वर्षी एका शिवारात गहू, दुसऱ्यात वसंतातील पेरणी, तर तिसरे पड, असा फेरा चालतो. पूर्वी पीक निघाल्यावर शिवार गावच्या गुरांना चरण्यासाठी मोकळे होई. साहजिकच पेरणी व कापणी सर्वांनी एकाच वेळी करणे भाग असे.

पुढे जमीनदारांनी या जमिनी एकत्र करून त्यांस कुंपणे घातली. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटपुढे या संबंधीची ५,२०० हून अधिक विधेयके आली आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन कुंपणांत गेली. काही ठिकाणी उत्पन्न वाढले. परंतु ज्यांचा निर्वाह सामाईक चराईच्या हक्कावर होता, त्या गरिबांचा आधार तुटला. लॅक्सटनमध्येही काही जमीन कुंपणांत गेली, पण तीन शिवारे मात्र वाचली.

गावातील प्रेक्षणीय स्थळे या इतिहासाशीच निगडित आहेत. उत्तरेकडील मातीचा उंच टेकाड व खंदक हे नॉर्मन काळातील किल्ल्याचे अवशेष होत. संत मायकेलच्या चर्चमध्ये एव्हरिंगहॅम या सरदार घराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती आहेत. त्यांपैकी एक लाकडात कोरलेली आहे. शेतकऱ्यांची घरे व गोठे शेतांत विखुरलेले नसून गावच्या रस्त्यालगत आहेत, कारण ज्याचे पट्टे चहूकडे पसरले आहेत, त्याला गावातच राहणे सोयीचे. भटकी गुरे कोंडून ठेवण्याचा कोंडवाडाही येथे पाहावयास मिळतो. १६३५ साली मार्क पिअर्स याने तयार केलेल्या नकाशात प्रत्येक पट्टा, तसेच नांगरणी व कापणी करणारी माणसेही रेखाटली आहेत. हा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात जतन केला आहे.

परंतु लॅक्सटनचे खरे वैशिष्ट्य म्हणजे तेथील पंचांचे न्यायालय. दर वर्षी हिवाळ्याच्या प्रारंभी गावातील शेतकऱ्यांमधून निवडलेले पंच गव्हाचे शिवार पायी फिरून पाहतात. हद्दीवर ते खुंट ठोकतात. कोणी सामाईक वाटेवर किंवा गवताळ पट्टीवर नांगर घातला आहे काय, चर साफ ठेवले आहेत काय, याची तपासणी करतात. त्यानंतर जहागिरीच्या कारभाऱ्यासमोर न्यायालय भरते आणि दोषी ठरलेल्यास दंड होतो. दंडाची रक्कम अल्प असते. मात्र आपल्याच शेजाऱ्यांनी दोष दाखविला, ही गोष्ट शेतकऱ्याला अधिक लागते. १९७७ च्या कायद्याने अशा अनेक जुन्या न्यायालयांचे अधिकार संपुष्टात आणले. लॅक्सटनचे न्यायालय मात्र त्यातून वगळण्यात आले.

जमिनीची मालकी अनेकदा बदलली आहे. १९५२ मध्ये मॅन्व्हर्स घराण्याकडून ती कृषि-मंत्रालयाने विकत घेतली. १९८१ मध्ये ती राजसंपदेच्या आयुक्तांकडे गेली आणि २०२० मध्ये थोर्स्बी येथील जहागिरीने घेतली. प्रत्येक वेळी या पद्धतीचे पुढे काय होणार, हा प्रश्न उपस्थित झाला. किल्ला ढासळला तरी त्याचा टेकाड शिल्लक राहतो. सामाईक नियमाचे तसे नाही. तो पाळणारी माणसे गावात असतील तोवरच तो टिकतो. म्हणूनच एवढ्या मोठ्या शिवारात दर वर्षी नव्याने ठोकल्या जाणाऱ्या खुंटांना लॅक्सटनमध्ये किल्ल्याहूनही अधिक महत्त्व आहे.