उत्तर खोडायच्या आधी

अगं, आन्सर कीशी जुळलं नाही की तू लगेच उत्तर खोडून मोकळी होतेस, ते आधी थांबव. पोलर कोऑर्डिनेटमध्ये वेगळं दिसणारं उत्तरही बरोबर असू शकतं.

आपल्या औंढा तालुक्यातलंच घे. दुधाळ्याच्या शिवारात लायगोची वेधशाळा होणार आहे ना, २०२३ मध्ये केंद्राने मंजुरी दिलेली? तिला दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटरची, एकमेकींशी काटकोनात. त्या मिळतात तो कोपरा ध्रुव धर आणि एक भुजा शून्य अंशाची रेषा. वहीत दुसरी भुजा वर जाणारी काढ. तिचं टोक झालं (४, ९०°). आता कोपऱ्यावर एक पूर्ण गिरकी घेऊन मग निघ: (४, ४५०°). घड्याळाच्या दिशेने फिरून निघ: (४, −२७०°). पोचतेस त्याच टोकाला.

उणे अंतराचा बाऊ तर उगीचच करतेस, बाई. (−४, २७०°) म्हणजे तोंड २७०° कडे करायचं आणि ४ किलोमीटर पाठमोरं चालायचं. टोक तेच! अंतराचं चिन्ह बदललं की कोनात १८० मिळव किंवा वजा कर. चिन्ह तेच ठेवलंस तर फक्त ३६० च्या पटी. ध्रुवाचं सोपं आहे: अंतर शून्य, कोन कोणताही चालतो.

खरी फसगत होते ती एक्स-वाय वरून कोन काढताना. (−१, −१) घे. टॅनची किंमत १ येते, कॅल्क्युलेटर ४५° सांगतो आणि आपण (√२, ४५°) लिहून टाकतो. तो बिंदू पहिल्या चरणातला, आपला तिसऱ्या. हवं होतं (√२, २२५°). गंमत म्हणजे ४५° ठेवून अंतर उणे केलंस, (−√२, ४५°), तरी चालतं. म्हणून आकृती काढल्याशिवाय कोन लिहू नकोस. शंका आली तर अंतराला कोनाच्या कॉसने आणि साइनने गुणून बघ. एक्स-वाय परत तेच आले की बिंदू तोच.

परीक्षेत मात्र अंतर धन आणि कोन ० ते ३६०° मधला मागितला असेल तर तसाच दे, तिथे हट्ट नको.

आता (३, −१५०°) ची उणे अंतर असलेली दोन रूपं काढ आणि रात्री मला फोटो पाठव.