अयुथया अर्ध्या दिवसात उरकू नका

बँकॉक-पट्टायाच्या सहलपत्रकात ‘अयुथया, हाफ डे’ अशी एक ओळ असते. ती दिसली की पैसे भरण्याआधी टूरवाल्याला एवढंच विचारा, गाडी तिथे किती वाजता पोचणार? आमची पोचली ऐन दुपारी, तीही एप्रिलमध्ये. थायलंडमध्ये तो भाजून काढणारा महिना. “आम्ही रत्नागिरीचे, आम्हाला काय उकाड्याचं सांगता,” असं दादा गाडीत सगळ्यांना ऐकवत होता. पण आमच्याकडे दुपारनंतर खारा वारा तरी सुटतो. अयुथया समुद्रापासून लांब, सपाट मैदानात, आणि बघायचं ते सगळं उघड्या विटांचं. पायाखालच्या विटाही तापलेल्या. तासाभरात दादाला गरगरायला लागलं. भिंतीच्या कडेला त्याला टेकवून बसवला. शहाळी विकणाऱ्या बाईने न सांगता बर्फातलं शहाळं फोडून दिलं, वर स्वतःचा ओला रुमाल दिला. टूरचा माणूस तेव्हा घड्याळ दाखवत होता, कारण पुढे रत्नांच्या दुकानात जायचं होतं.

नंतर मी आपला आपण गेलो, नोव्हेंबरच्या अखेरीस, मुक्काम करून. पुढचं बरंचसं त्या मुक्कामातलं आहे.

नोव्हेंबर ते जानेवारी हा खरा हंगाम. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नद्या फुगतात. २०११ च्या पुरात तर अवशेषांतही पाणी शिरलं होतं. कारण हे शहरच मुळी पाण्याच्या वेढ्यात आहे. चाओ फ्राया, पा साक आणि लोपबुरी या तीन नद्यांच्या मधलं हे बेट. १३५१ मध्ये रामाधिपती राजाने इथे राजधानी वसवली, अयोध्येचं नाव दिलं, आणि चार शतकं इथे पोर्तुगीज, डच, जपानी, इराणी व्यापाऱ्यांची वर्दळ राहिली. मग चौदा महिने वेढा पडला आणि एप्रिल १७६७ मध्ये ब्रह्मदेशाच्या फौजेने शहर लुटून जाळलं.

गाइड इथे नुसतं ‘बर्मीज, बर्मीज’ म्हणून पुढे सरकतो. रत्नागिरीकराने मात्र थांबावं. ती फौज पाठवणारा राजा सिनब्युशिन हा कोनबाँग घराण्याचा. त्याचा धाकटा भाऊ बोदवपया म्हणजे आपल्या थिबा राजाचा खापरपणजोबा. त्याच घराण्याची मंडालेची गादी इंग्रजांनी १८८५ मध्ये मोडली आणि पुढच्या वर्षी थिबाला रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१० मध्ये बांधून झालेल्या पॅलेसमध्ये त्याला जेमतेम सहा वर्षं मिळाली; १९१६ च्या डिसेंबरात तो रत्नागिरीतच वारला, समाधीही गावातच आहे. आता अयुथयात बघा. वाट फ्रा सी सानफेत या देवळाचे तीन चेदी (म्हणजे स्तूप) अयुथयाच्या प्रत्येक चित्रात असतात. त्यांच्या शेजारी जुना राजवाडा होता, तो आता जोत्यापुरता उरला आहे. आणि जाळणाऱ्यांच्या वंशजाला परक्या सरकारने बांधून दिलेला जांभ्याचा वाडा आमच्याकडे धड उभा. हे मी गाइडला सांगितलं तर त्याने आधी हसण्यावारी नेलं, मग फोन काढून रत्नागिरी कुठे ते शोधायला लागला. जाण्याआधी एक सकाळ थिबा पॅलेस नीट बघा, सूर्यास्ताचे फोटो नंतर काढा. अयुथयाच्या विटांशी तुमचं काही नातं आहे हे मग कळतं.

आता वागण्याबद्दल, कारण त्यात आपली माणसं फार नडतात. वाट महाथात इथे झाडाच्या मुळांनी वेढलेलं बुद्धाचं मस्तक आहे. त्याच्यासोबत फोटो काढायचा तर खाली बसूनच काढायचा. आपलं डोकं बुद्धाच्या डोक्यापेक्षा वर जाता कामा नये. पाटी आहे, पहारेकरीही असतो. त्याच आवारात बिनडोक्याच्या मूर्तींची रांग आहे. आमच्या ग्रुपमधला एक कॉलेजकुमार अशा एका मूर्तीमागे उभा राहिला आणि तिच्या मानेवर हनुवटी टेकवून ‘काढ, काढ’ म्हणाला. पहारेकरी ओरडत धावून आला. आरडाओरडा थाई भाषेतला होता, पण एकालाही अर्थ विचारावा लागला नाही. आपल्या गणपतीच्या भंगलेल्या मूर्तीवर कुणी असा चाळा केला तर आपण काय करू, एवढं मनात आणलं तरी पुरे. सगळी मस्तकं ब्रह्मी सैनिकांनीच उडवली असंही समजू नका. बरीच नंतरच्या चोरांनी पुराणवस्तूंच्या बाजारासाठी उतरवली. वाट राचबुराणाच्या तळघरातलं सोनं तर १९५७ मध्ये चोरांनी लुटलं. त्यातलं जे हाती लागलं ते चाओ साम फ्राया संग्रहालयात आहे. टूरवाले तिथे नेत नाहीत. तुम्ही जा, फक्त सुट्टीचा वार आधी विचारून घ्या.

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. अवशेष असले तरी ती देवळंच आहेत, आणि काहींत आजही पूजा चालते.

जेवणाचं. कोकणातल्या माणसाला माशाचं वावडं नाही, वाराचं आहे. वहिनींचा सोमवार होता. भाज्या घातलेल्या नूडल्स मागवल्या, मासा दिसत नव्हता, पण वासाने त्यांनी ओळखलं. तिथे मिठाच्या जागी ‘नाम प्ला’ पडतं, माशाचं पाणी. नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही, ‘जे’ म्हणा. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत ते लिहिलेलं असतं. ‘जे’मध्ये कांदा-लसूणही नसतो.

बँकॉकहून अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. टूर नको असेल तर आगगाडी उत्तम. तिसऱ्या वर्गाचं तिकीट अगदी स्वस्त, डब्यातून भाताचे डबे विकणाऱ्या बायका फिरतात. गाडी कुठून सुटते ते मात्र विचारा, कारण २०२३ पासून लांबच्या गाड्या जुन्या हुआ लाम्फोंगऐवजी नव्या स्थानकातून सुटतात. अयुथयाला उतरलात की रिक्षावाले गराडा घालतात, देवळांचे फोटो लावलेला पुठ्ठा पुढे करतात. त्यांच्यातून सरळ नदीवर चालत जा. तर लागलेली असते. जयगडहून तवसाळला जाणाऱ्याला ती नदी म्हणजे ओहोळच वाटेल, बसेपर्यंत पलीकडे. पलीकडे सायकली भाड्याने मिळतात. सायकल जमत नसेल तर रिक्षा घ्या, पण दर तासावर ठरवा, किती तास तेही ठरवा आणि कागदावर आकडा लिहून घ्या. पासपोर्ट कुणाकडेही तारण ठेवू नका. अंबारीतली हत्तीची फेरी मी तरी घेणार नाही. त्या डांबरावर आपले पाय पोळतात, मग त्याचे?

सकाळी लवकर महाथात, दुपारी संग्रहालय किंवा सरळ झोप, आणि उन्हं कलली की नदीकाठचं वाट चैवत्थनाराम. २०१८ च्या एका थाई मालिकेनंतर तिथे जुन्या वेषात फोटो काढणाऱ्यांची झुंबड असते, ती बघायलाही गंमत येते.

खरेदीत बुद्धमूर्तीच्या भानगडीत पडू नका. मूर्ती देशाबाहेर न्यायला त्यांच्या ललितकला खात्याचा परवाना लागतो, आणि दुकानदार ते सांगेलच असं नाही. त्यापेक्षा रोटी साय माय घ्या. पातळ हिरवी पोळी आणि त्यात गुंडाळायचे साखरेचे रंगीत धागे, इथली खासियत. पण तिथेच खा. रत्नागिरीच्या दमट हवेत पिशवी उघडली की धाग्यांचा गोळा होतो.