ट्रोम्सो ते लाँगइयरब्येन : अंतर आणि वेळ

जिज्ञासू : ट्रोम्सो आणि लाँगइयरब्येन ही दोन्ही विमानतळे नॉर्वेचीच. मग नकाशावर त्यांच्यामध्ये एवढा समुद्र का दिसतो?

जाणकार : ट्रोम्सो मुख्यभूमीच्या उत्तर टोकाकडे, ६९.७ अंश अक्षांशावर आहे. लाँगइयरब्येन स्वालबार्ड द्वीपसमूहात, ७८.२ अंशांवर. नियमित प्रवासी सेवा असलेले जगातले सर्वांत उत्तरेकडचे विमानतळ ते हेच. मध्ये समुद्र आहेच. पण भिंतीवरचा मर्केटर नकाशा तो फुगवून दाखवतो. त्यावर ट्रोम्सोपाशी अंतरे विषुववृत्ताच्या तुलनेत जवळपास तिप्पट ताणली जातात, लाँगइयरब्येनपाशी तर सुमारे पाचपट.

जिज्ञासू : मग खरे अंतर कसे काढायचे?

जाणकार : अक्षांशांतला फरक साडेआठ अंशांहून किंचित जास्त आहे. एका अंशाला या भागात सुमारे १११.६ किलोमीटर धरले, की दक्षिणोत्तर अंतर ९५५ किलोमीटरच्या आसपास येते.

जिज्ञासू : रेखांशांतही साडेतीन अंशांचा फरक आहे. ते अंतर मिळवायला नको का?

जाणकार : नुसती बेरीज करून चालणार नाही. रेखांशाची वृत्ते ध्रुवाकडे जवळ येत जातात. विषुववृत्तावर एक अंश रेखांश १११ किलोमीटरचा असतो, तोच ट्रोम्सोजवळ सुमारे ३९ आणि लाँगइयरब्येनजवळ जेमतेम २३ किलोमीटरचा उरतो. त्यामुळे पूर्व-पश्चिम फरक शंभर किलोमीटरच्या जरा पुढे जातो. काटकोन त्रिकोणाच्या हिशोबाने त्याने कर्णात पाच-सहा किलोमीटरचीच भर पडते. एकूण हवाई अंतर सुमारे ९६० किलोमीटर, म्हणजे ५१८ सागरी मैल. वाटेत साधारण मध्यावर ब्योर्नोया नावाचे एकाकी बेट लागते.

जिज्ञासू : ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर ७२ मिनिटांत संपेल. वेळापत्रकात मात्र दीड तासाहून अधिक वेळ असतो.

जाणकार : तो वेग उंचीवर पोहोचल्यानंतरचा. धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे यांत विमान बरेच संथ असते, आणि वेळापत्रक हे सगळे मोजते. शिवाय वारा आहे. समोरून ताशी ८० किलोमीटरचा वारा असेल, तर जमिनीच्या हिशोबाने वेग ७२० वर येतो आणि तेच अंतर कापायला ८० मिनिटे लागतात.

जिज्ञासू : विमानतळावरचा वेळ वेगळाच?

जाणकार : वेगळाच, आणि या मार्गावर त्याला विशेष कारण आहे. स्वालबार्ड नॉर्वेच्या सार्वभौमत्वाखाली असले तरी शेंगेन क्षेत्राबाहेर आहे. त्यामुळे देशांतर्गत प्रवास असूनही पासपोर्ट तपासला जातो. ऑस्लोहून ट्रोम्सोमार्गे जाणाऱ्यांनाही त्यासाठी तिथे विमानातून उतरावे लागते.

जिज्ञासू : हिवाळ्यातल्या अंधारामुळे उड्डाणे थांबतात का?

जाणकार : नाही. लाँगइयरब्येनला ऑक्टोबरअखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही, तरी दिवे आणि उपकरणांच्या आधारे विमाने उतरतात. अडवते ते हवामान : धुके, हिमवृष्टी, आडवा वारा. प्रवासी जेट विमानाला सोयीचे पर्यायी विमानतळ मुख्यभूमीवरच असल्याने तिथवर परतण्याचे इंधन हिशोबात धरावे लागते. उतरता आले नाही, तर दीड तासाचा प्रवास तीन तासांचा होतो आणि प्रवासी पुन्हा ट्रोम्सोलाच उतरतात.